खाण थांबली, पाणी थांबलं नाही: गोव्याच्या मिनेराचं एक प्रकरण

मी काही वर्षं ईआयए रिपोर्टांचे, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासणाऱ्या अहवालांचे, मराठी सारांश टाइप करून द्यायचे. कंपनी कन्सल्टंटला पैसे देते, कन्सल्टंट इंग्रजीत चारशे-पाचशे पानांचा रिपोर्ट करतो, आणि जनसुनावणीच्या आधी लोकांना वाचायला म्हणून त्याचा दहा-पंधरा पानांचा मराठी सारांश लागतो, तो आमच्यासारख्यांकडे यायचा, बहुतेक वेळा आदल्या रात्री. त्यात एक वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की आता झोपेतही येईल: "खाणकाम पूर्ण झाल्यानंतर खड्ड्याचे जलाशयात रूपांतर करण्यात येईल." बस. खाणीच्या मरणोत्तर आयुष्याबद्दल सारांशात साधारण एवढंच असायचं. जलाशय म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पायऱ्या, कमळं, काठावर देऊळ वगैरे येतं ना, तर ते सोडा.

हे प्रकरण गोव्यातल्या लोहखनिजाचं आहे. सावंतवाडी-दोडामार्गकडून उतरलं की डिचोली तालुका लागतो, तिथून सत्तरी, मग दक्षिणेला सांगे, केपें असा हा खाणपट्टा. पोर्तुगीजांच्या काळात इथं कन्सेशन (खाणकामाचे हक्क) दिली गेली, एकेक साधारण 100 हेक्टरच्या आतली, आणि 1950 च्या दशकापासून मिनेर (खनिजाला तिकडे मिनेरच म्हणतात) जपानला जायला लागलं. डोंगरावरून टिप्परने जेटीवर, जेटीवरून बार्जीत, बार्ज मांडवी किंवा जुवारीतून मुरगावला. 1987 साली संसदेने कायदा करून ही सगळी कन्सेशन रद्द केली आणि त्यांचे लीज केले. म्हणजे आपल्याकडे ईआयएची पहिली अधिसूचना निघाली 27 जानेवारी 1994 ला, तेव्हा या खाणी आधीच तीस-चाळीस वर्षं चालू होत्या, आणि ज्या कागदाने प्रकल्पाच्या आधी परिणाम तपासायचा तो कागद इथं खाणीच्या मधल्या वयात पोचला. नंतर 14 सप्टेंबर 2006 ची अधिसूचना आली, आणि आजही बरीचशी यंत्रणा त्याच चौकटीत चालते.

आता माती किती निघते ते बघा, कारण सगळं प्रकरण तिथंच अडकलंय. गोव्यात एक टन मिनेर काढायला अडीच ते तीन टन फालतू माती-दगड काढावे लागतात, लोक त्याला रिजेक्शन म्हणतात. 2010-11 च्या आसपास चीनची मागणी जोरात होती तेव्हा गोव्यातून वर्षाला 5 कोटी टनांच्या आसपास माल बाहेर गेला, त्यात थोडा कर्नाटकचाही होता, तरी गोव्याचा निव्वळ 4 कोटी टन धरला तर त्या एका वर्षात 10 ते 12 कोटी टन रिजेक्शन कुठंतरी ओतलं गेलं. कुठं? लीज लहान, त्यात अर्धी जागा खड्ड्याने खाल्लेली, मग डंप, म्हणजे या रिजेक्शनचे ढीग, लीजच्या बाहेर, कुणाच्या तरी खाजगी जमिनीत, नाल्याच्या डोक्यावर, जंगलाच्या कडेला.

आणि इथं ईआयएची रचनाच फसते. रिपोर्टमध्ये लीजची हद्द म्हणजे कोअर झोन आणि त्याच्या भोवती 10 किलोमीटर म्हणजे बफर झोन. कोअर झोनमध्ये काय होणार ते तपशिलात, बफरमध्ये काय आहे त्याचं वर्णन: अमुक गावं, तमुक लोकसंख्या, झाडांची यादी. लीजबाहेरचा डंप या हिशेबात कोअरमध्ये बसत नाही आणि बफरमध्ये तो निसर्गदृश्याचा भाग होऊन जातो. शेजारच्या खाणीचा रिपोर्ट उघडलात तर तिथंही तेच, त्यांच्या लेखी हा डंप पलीकडच्यांचा. म्हणजे डंपचा डोंगर सगळ्यांना दिसतो पण एकाही रिपोर्टमध्ये त्याचा बाप सापडत नाही. ट्रकांचंही तसंच, प्रत्येक खाण आपापले ट्रक मोजते आणि धूळ मर्यादेत आहे म्हणते, पण रस्ता एकच असतो आणि त्यावर सगळ्यांचे ट्रक एकत्र धावतात, धूळ घरात येते ती बेरीज होऊन येते.

बेसलाइनची, म्हणजे प्रकल्पाआधी तिथं काय परिस्थिती आहे त्या नोंदीची, गोष्ट तर मला टाइप करताना सुद्धा हसू यायचं. नियमाप्रमाणे एका ऋतूचा, पावसाळा सोडून, हवा-पाणी-मातीचा डेटा गोळा करायचा. मग सगळे रिपोर्ट डिसेंबर ते फेब्रुवारी नाहीतर मार्च ते मे. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, डंपची माती वाहते ती जुलैत, सेटलिंग पॉन्ड (गाळ खाली बसवायची तळी) भरून वाहतो तो जुलैत, ओहोळ तांबडा होतो आणि नदीपात्रातल्या पुरण शेतात माती बसते ती जुलैत, आणि आमचा नमुना घेणारा माणूस बाटली घेऊन जानेवारीत ओढ्यावर उभा. टेबलात गढूळपणाचा आकडा अगदी गोड यायचा. सत्तरीतल्या पिसुर्ल्यात शेतात खाणीची माती बसून शेती गेली हे तिकडे कुणालाही विचारा, पण ती माती जानेवारीच्या बाटलीत कशी दिसणार?

डंपसाठी रिपोर्टमध्ये उपाय असतात, नाही असं नाही. पायथ्याला लॅटराइटची टो वॉल (माती अडवणारी भिंत), भोवती गार्लंड ड्रेन (पाणी वळवणारे चर), उतारावर काथ्याची जाळी, वर अकेशिया आणि काजू. कागदावर हे व्यवस्थित आहे आणि काही ठिकाणी खरंच केलेलं पण आहे, अकेशियाची रानं तुम्हाला डिचोलीभर दिसतील. पण टो वॉल दर पावसाळ्याआधी बघावी लागते, ड्रेन उपसावे लागतात, पॉन्डमधला गाळ काढावा लागतो. म्हणजे ती दरवर्षीची कामं आहेत, आणि रिपोर्टने ती खाण चालू असताना मोजली, बंद झाल्यावर कोण करणार ते कुणी लिहिलं नाही.

बरं, डंप म्हणजे कायमचा कचरा असंही नाही निघालं. 2009 मध्ये इंडियन ब्युरो ऑफ माइन्सने लोहखनिजाची खालची मर्यादा 45 टक्के लोह अशी ठरवली, तिकडे चीनला हलका मालही चालत होता, मग काल जे रिजेक्शन होतं ते आज मिनेर झालं आणि जुने डंप उकरून विकायला सुरुवात झाली. वीस-तीस वर्षं बसलेली माती, वर झाडं आलेली, पुन्हा उघडी. ज्या रिपोर्टने डंपवर झाडं लावून विषय मिटवला होता त्याला हे माहीतच नव्हतं, आणि डंप उकरणं म्हणजे नवीन खाणकाम का, त्याला वेगळी मंजुरी लागते का, यावरच पुढे केवढा वाद झाला. 2023 मध्ये गोवा सरकारने डंपसाठी वेगळं धोरणही आणलं. मला विचाराल तर बाजारभाव बदलला की कचऱ्याचा माल होतो आणि मालाचा कचरा, हे खाणधंद्यात नवीन नाही, मग ईआयएत डंपचं एकच भवितव्य का लिहायचं, दोन-तीन शक्यता का नाही?

आता खड्डा. गोव्यात लोहखनिजाची पूड हाच पाणी धरणारा थर असतो, त्याच्यात पाणी साठतं आणि डोंगराच्या पायथ्याला झरे, तळी, विहिरी त्याच पाण्यावर जगतात. खाण खाली जाते तसं ते पाणी खड्ड्यात येतं, मग पंप लावून उपसायचं, काही खाणी तर समुद्रसपाटीच्या खाली गेल्यात. उपसा सुरू झाला की गावच्या विहिरींची पातळी उतरते. डिचोली तालुक्यातलं शिरगाव, लईराईचं शिरगाव, जत्रेला धोंड (लईराईचे भक्त) निखाऱ्यांतून चालतात ते, या गावाला तिन्ही बाजूंनी खाणी, विहिरी आटल्या, प्रकरण हायकोर्टात गेलं, नीरी या केंद्रीय पर्यावरण संशोधन संस्थेला अभ्यास करायला लावला. तोवर जे गाव स्वतःच्या विहिरीवर होतं ते टँकरवर आलं होतं. आणि उपसलेलं पाणी? ते खालच्या ओहोळात सोडलेलं, म्हणजे खालच्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात थोडं पाणी मिळायचं, त्यावर काहींनी वायंगण (पावसाळ्यानंतरचं भाताचं पीक) सुद्धा केलं. पंप बंद झाले तेव्हा यांचंही पाणी गेलं. खाण चालू असताना एकाचं पाणी गेलं, बंद झाल्यावर दुसऱ्याचं, आणि हा दुसरा माणूस कुठल्याच रिपोर्टमध्ये बाधित म्हणून नाही.

मग 2012 आलं. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल 7 सप्टेंबरला संसदेत ठेवला, 10 सप्टेंबरला गोवा सरकारने खाणी थांबवल्या, 14 ला केंद्राने ईसी (पर्यावरण मंजुऱ्या) स्थगित केल्या, 5 ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. एका महिन्यात अख्खा धंदा ठप्प. 21 एप्रिल 2014 ला कोर्टाने निकाल दिला की लीजची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती, त्यानंतरचं सगळं बेकायदा, लीजच्या बाहेर डंप टाकायचे नाहीत, वर्षाला 2 कोटी टनांची तात्पुरती मर्यादा, आणि विक्रीच्या 10 टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत. पुढे सरकारने 88 लीज पुन्हा रिन्यू केल्या, त्या 7 फेब्रुवारी 2018 ला कोर्टाने रद्द केल्या आणि 16 मार्च 2018 पासून पुन्हा शांतता. नव्याने लीज द्या, नव्याने ईसी घ्या, असं कोर्टाने सांगितलं.

भ्रष्टाचार, कोर्टबाजी, कोण बरोबर कोण चूक यावर भरपूर लिहून झालंय, मला त्यातलं वेगळंच दिसतं. प्रत्येक क्लोजर प्लॅन, म्हणजे खाण बंद करायचा आराखडा, असं धरून चालतो की खाण सावकाश, नीट म्हातारी होऊन मरेल. शेवटची पाच वर्षं, मग बेंच (खड्ड्याच्या कडेच्या पायऱ्या) सपाट करणं, मग डंप खड्ड्यात भरणं, मग झाडं, मग जलाशय. पण प्रत्यक्षात गोव्याच्या खाणी दोनदा कोमात गेल्या. बेंच अर्धवट, डंप उघडे, पंप थांबलेले, आणि जबाबदार कोण याचं उत्तर प्रत्येक टेबलावर वेगळं. लीजधारक म्हणणार लीज माझी राहिलीच नाही तर मी खर्च का करू, खाण खातं म्हणणार ही तुमचीच जबाबदारी होती. मे 2022 मध्ये सरकारने जुन्या लीजधारकांना महिन्याभरात जागा रिकामी करायला सांगितलं, म्हणजे मुदत संपते कधी तर जूनच्या पहिल्या आठवड्यात, ऐन पाऊस सुरू होताना! ज्या दिवशी खड्ड्याकडे सगळ्यात जास्त लक्ष हवं त्याच दिवशी चावी एका हातातून दुसऱ्या हातात. अचानक थांबणं ही खाणीच्या आयुष्यातली नेहमीची घटना आहे, भाव पडतो, कोर्ट थांबवतं, कंपनी बुडते, तर त्यासाठीचा आराखडा ईआयएत पहिल्या दिवसापासून का नसावा: दुसऱ्या दिवशी पंप कोण चालवणार, पावसाळ्याआधी टो वॉल कोण बघणार, त्याचे पैसे कुठल्या खात्यातून.

माणसांचंही तसंच. रिपोर्टमध्ये एक प्रकरण रोजगाराचं असतं, थेट इतके, अप्रत्यक्ष तितके, आकडे जनसुनावणीत मोठ्याने वाचतात. 2012 ला ज्यांनी कर्ज काढून टिप्पर घेतले होते ते अंगणात उभे राहिले, टायर बसले, बार्जी नदीत गंजल्या, शेवटी सरकारला ट्रक-बार्जवाल्यांसाठी कर्जमुक्तीची योजना आणावी लागली. खाण सुरू होताना रोजगार ही प्रकल्पाची पुण्याई, खाण बंद होताना बेकारी हा सरकारचा प्रॉब्लेम. हिशेबाची अशी वही आमच्या वाण्याने ठेवली असती तर गावाने उधारी बंद केली असती.

पैशाकडे या. 2003 पासून क्लोजर प्लॅन सक्तीचा झाला आणि हमी म्हणून यांत्रिक खाणीला हेक्टरी 25,000 रुपयांची गॅरंटी. 100 हेक्टरच्या लीजला 25 लाख. त्या काळातही 25 लाखात एक बरा एक्सकॅव्हेटर आला नसता, डोंगर जागेवर आणणं तर सोडाच. कोळशाच्या उघड्या खाणींना 2009 मध्ये हेक्टरी 6 लाखांचा हिशेब लावला आणि दरवर्षी एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला परस्पर हात लावता येणार नाही अशा खात्यात, भरायला लावले. तीच जमीन, तसाच खड्डा, पण लोखंडाचा खड्डा भरायला कोळशाच्या चोवीसाव्या हिश्शात भागतं असं सरकारने धरलं होतं. 2017 ला लोखंडाचा आकडा 3 लाख केला, 2021 ला 5 लाख, बरं झालं, पण तोही सगळ्या देशाला सरसकट: राजस्थानच्या कोरड्या माळावरच्या खाणीला आणि 3000 मिलिमीटर पावसातल्या डिचोलीच्या खाणीला एकच रेट. माझं म्हणणं एवढंच की हा आकडा दिल्लीच्या नियमातून नको, त्या खाणीच्या ईआयएतून यायला पाहिजे. तुझा डंप किती टन, खड्डा किती खोल, पाणी किती वर्षांनी भरणार, त्याचा खर्च काढ, आणि तेवढे पैसे उत्पादनाच्या टनामागे आत्तापासून बाजूला टाक. मग आपोआप क्लोजरचं प्रकरण शेवटच्या चार पानांतून पुढे येईल, कारण त्यावर पैसे लागले.

आमच्या बाजूचं कळणे विसरून चालणार नाही. दोडामार्ग तालुक्यातलं हे गाव, गोव्याच्या हद्दीजवळ, इथल्या खाणीची जनसुनावणी 2008 मध्ये, लोकांचा कडक विरोध, ईआयए मराठीत वेळेत मिळाला नाही ही तक्रार पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या अहवालातही नोंदलीय, आणि तरी मार्च 2009 मध्ये मंजुरी. पलीकडे गोव्यात साठ वर्षांचा अनुभव पडलेला होता, माती कशी वाहते, खड्डा कसा भरतो, सगळं, पण राज्याची हद्द लागली की अनुभवालाही परमिट लागतं बहुतेक. 29 जुलै 2021 ला खाणीतला बांध-डोंगर खचला आणि साठलेलं पाणी चिखल घेऊन खाली आलं, घरात, शेतात, बागायतीत. तारीख बघा: जुलै. बेसलाइनने सोडलेला ऋतू. (रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या ईआयएत तर रशियातल्या खाणीचा मजकूर जसाच्या तसा उचललेला सापडला होता, तिकडची झाडं कोकणात आणून लावलेली. निदान कळण्याच्या बाबतीत शेजारच्या डिचोलीतून कॉपी केली असती तरी उपयोग झाला असता.)

सुधारणा होत नाहीत असं नाही, पण उलट्या बाजूने होतात. ईआयए अधिसूचनेच्या 2020 च्या मसुद्यात जनसुनावणीआधी लोकांना मिळणारी मुदत 30 दिवसांवरून 20 करायची होती आणि सहामाही अहवालाच्या जागी वार्षिक अहवाल. तो मसुदा अंतिम झाला नाही. पण एप्रिल 2022 ची दुरुस्ती झाली, त्यात खाणीच्या ईसीची मुदत 30 वर्षांवरून 50 पर्यंत नेता येते, 30 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ईएमपी (पर्यावरण व्यवस्थापनाचा आराखडा) तपासायचा. म्हणजे पाच वर्षांनी तपासायची गरज आहे हे सरकारला पटलंय, फक्त ते तिसाव्या वर्षानंतर पटलंय. ते पहिल्या पाचव्या वर्षापासून का नको, आणि तपासणी फायलीत न होता त्याच गावात, त्याच मांडवात का नको, जिथं पहिली सुनावणी झाली होती? जानेवारी 2020 ला सुप्रीम कोर्टाने खाण संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत-चारा उगवण्याची अट लीज आणि मंजुरीत घालायला सांगितलं ते चांगलं झालं, पण गवत मोजायला कुणी जाणार आहे का?

डिसेंबर 2022 ला गोव्यात चार ब्लॉकचा लिलाव झाला, डिचोली, शिरगाव-मये, मोंते दि शिरगाव आणि काले. डिचोलीचा ब्लॉक 478 हेक्टरचा, जुन्या छोट्या लीज एकत्र करून, 50 वर्षांसाठी. 2023 ला त्याची जनसुनावणी झाली तेव्हा लोकांची मुख्य मागणी होती की आमची घरं, देवळं, शेतं, तळी लीजच्या नकाशातून बाहेर काढा, आणि 2024 ला खाण सुरूही झाली. मला यातलं एक चांगलं वाटतं: हद्द मोठी असल्याने डंप माझा नाही म्हणायला जागा कमी. आणि एक वाईट: नवीन प्रकल्प म्हणून नवीन ईआयए, नवीन बेसलाइन, म्हणजे साठ वर्षांची जुनी जखम आता मूळ परिस्थिती म्हणून टेबलात बसते. आटलेली विहीर बेसलाइनला आटलेलीच असते, मग पुढे तिच्यावर परिणाम काय होणार, शून्य.

मागच्या डिसेंबरात डिचोलीकडून येताना एका बंद खाणीपाशी गाडी थांबवली होती. हिरवट निळं पाणी, खूप खोल, बाजूचे बेंच पावसाने ढासळून उभे कडे झालेले, उतरायला वाट नाही, काटेरी तार आणि पाण्यात उतरू नये असा बोर्ड. कडेला पंपाचा सिमेंटचा ओटा होता, त्यावर मोटर नव्हती, चार बोल्ट तेवढे वर आलेले. समोरच्या गाड्यावर चहा घेतला, गाडेवाले काका म्हणाले की वाडीवर नळाला एक दिवसाआड पाणी येतं. सारांशाच्या भाषेत सांगायचं तर खड्ड्याचे जलाशयात रूपांतर करण्यात आले होते.